पैनगंगेच्या वाळूतलं राज्य

तुम्ही कधी बोट न दाखवता भांडून पाहिलं आहे का?

नसेल, तर एकदा पाहा. उजव्या हाताची मूठ मिटा, अंगठा आत घ्या, आणि ज्याचा तुम्हाला सर्वांत जास्त राग येतो त्याचं नाव घेऊन बोलायला लागा. दुसऱ्या वाक्याला आवाज खाली येतो. चौथ्या वाक्याला आपलं म्हणणं नक्की काय होतं तेच आठवावं लागतं. मी अनुभवाने सांगतो. त्या काळी मी तालुक्यातला, निदान माझ्या मते, सर्वांत जहाल वक्ता होतो आणि माझं निम्मं वक्तृत्व उजव्या हाताच्या पहिल्या बोटात होतं. ते बोट एका बाईने आपल्या ओल्या, वाळू लागलेल्या हातात धरलं आणि उघडं राहिलेलं कवाड लोटावं तसं मिटून टाकलं.

"बोट मिट," ती म्हणाली. "माह्या राज्यात बोट चालत नाही."

ही आमची पहिली भेट.

मी तेव्हा विशीत होतो. आमचं गाव रिठदच्या बाजूला. अकोल्याला शिकायला गेलो आणि पदवीऐवजी पत्रकांचं एक बोचकं घेऊन परत आलो. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, शिवाशिवीविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, विलायती कापडाविरुद्ध. आई म्हणे, या पोट्ट्याला भाकरीपेक्षा कागद जास्त लागतो. राजेशाहीविरुद्ध तर मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं. फार जळजळीत होतं. अडचण एवढीच, की आमच्या पंचक्रोशीत राजा नव्हता. इंग्रजांचा राजा समुद्रापलीकडे आणि त्याला मराठी येत नव्हती. अशात रिठदच्या बाजारात कोणीतरी सांगितलं, की पैनगंगेच्या वाळूत एक माळीण स्वतःचं वेगळं राज्य मांडून बसली आहे. मी त्याच दिवशी निघालो. चालत जाण्याच्या अंतरावर राजेशाही मिळणं हे माझं भाग्यच होतं.

म्हणजे मी तिला गादीवरून खाली खेचायला गेलो होतो. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात आत जायला एक फट होती. तिथे उभा राहून मी बोट आकाशाकडे नेलं आणि "हे राणी!" अशी सुरुवात केली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

"मी आकाशाकडे दाखवत होतो," मी म्हणालो.

"वर गेलेलं बोट खाली येते न बापा. खाली माह्ये डांगरं हायेत. जोडे बाहेर काढ. खाल्लं का काही?"

"मी निषेध करायला आलो आहे."

"हाव, कर. पयले खाय."

तिने एक डांगर, म्हणजे तुमचं खरबूज, गुडघ्यावर आपटून फोडलं. मी निषेध पुढे ढकलला.

आमचा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. पलीकडे निजामाचा मुलूख, त्याला आमच्याकडे मोगलाई म्हणतात. हद्द नदीच्या मधून जाते असं साहेबांच्या नकाशात आहे म्हणे, पण नदीचा मध्य कुठे हे नदी दर वर्षी नव्याने ठरवते. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरतं आणि पात्रात वाळूचं एक बेट वर येतं. कधी लांबट, कधी भाकरीसारखं गोल, कधी अलीकडे सरकलेलं, कधी पलीकडे. त्या बेटावर ती टरबूज-डांगरांची वाडी करायची. आषाढात पाणी आलं की ते सगळं राज्य, सरहद्दीसकट, बुडायचं. दिवाळीला ते पुन्हा निघे आणि ती पुन्हा राज्य जाहीर करी. इतक्या वेळा स्वतंत्र झालेला देश जगात दुसरा नसेल.

ती बुटकी, रुंद खांद्यांची बाई होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तापल्या वाळूत ती सावकाश चाले, घाई दुसऱ्यांनी करायची असते अशा थाटात. काठावरून आणलेल्या एका चपट्या दगडावर ती बसायची, ते तिचं तख्त. पुरात दगड जाई आणि दर वर्षी नवा आणावा लागे. दर वर्षी त्यावर बसून ती म्हणायची, "मांगच्या वर्षीचा दगड बरा होता." दोन्ही काठांवरचे लोक तिला काकी म्हणत. मीही म्हणू लागलो.

राज्य कसं झालं ते ती ज्याला त्याला सांगे, आणि सांगताना दर वेळी त्यातल्या शिपायाच्या मिशा थोड्या वाढत. पलीकडून निजामाच्या करोडगिरीचा शिपाई यायचा. करोडगिरी म्हणजे जकात. तुझी डांगरं मोगलाईतून इंग्रजी बाजारात जातात, तर जकात टाक, म्हणायचा. ती म्हणायची, ही वाडी इंग्रजीतली आहे, तिकडे विचार. अलीकडून पटवारी यायचा, वाडीला सारा लावायला. त्याला सांगायची, ही मोगलाईतली आहे बापा, तिकडे विचार. अशी बरीच वर्षं गेली. मग एका दिवशी शिपाई आणि पटवारी दोघे एकाच वेळी फटीपाशी आले. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी दोघांनी मिळून तिला विचारलं, बाई, एवढंच सांग, तू आहेस तरी कोणाची?

"कोनाची म्हंजे? माही मी. हे माहं राज्य हाय. तुमी दोघंबी परदेशी. जोडे बाहेर काढा."

"आणि त्यांनी काढले?" मी विचारलं.

"काढतीन नाही तं काय? डांगरं पिकली होती. वास येऊन राह्यला होता."

तिच्या राज्यात कायदे तीनच होते. जोडे बाहेर. आलेल्याला आधी खाऊ घालायचं, कुठला ते मागाहून विचारायचं. आणि बोट नाही. कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं की ते सडतं, हे आमच्याकडे प्रत्येक मुलाला सांगतात. काकडी दाखवायचीच झाली तर बोट दुमडून, नुसती गाठ पुढे करून दाखवायची. घरोघरी ही साधी रीत आहे, तिने तिचा कायदा केला होता. वाडीत फळ कुठेही असू शकतं, म्हणून वाडीत बोट कुठेच नाही. माणसाकडेही नाही.

तिसऱ्या भेटीपर्यंत मी राजेशाहीचा विरोधक राहिलो. चौथ्या भेटीत मी त्या राज्याचा परराष्ट्रमंत्री झालो. राजेशाहीपेक्षा साम्राज्यशाही वाईट, आणि इथे तर दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये एक स्वतंत्र राष्ट्र उभं आहे, असं मी स्वतःला पटवलं होतं. त्याचा डांगरांशी काही संबंध नाही, असं मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं. मी एक जाहीरनामा लिहिला. त्याला पुष्कळ कलमं होती आणि प्रत्येक कलमात 'मानवजात' हा शब्द होता. काकी वेलांचे शेंडे सारखे करत होती, मी मागे मागे फिरून वाचत होतो.

"वाचलं सारं?" तिने विचारलं.

"वाचलं."

"यात डांगराचं नाव कुठी आलं नाही."

डांगराचं नाव खरंच कुठे आलं नव्हतं. तिने कागद बोटांत चोळून पाहिला. "जाड हाय. पुढच्या सालचं बी बांधाले चांगला," म्हणाली आणि जाहीरनामा कनवटीला लावला.

परराष्ट्रमंत्र्याचं काम म्हणजे दिवस मावळताना रॉकेलचा रिकामा डबा बडवून कोल्हे हाकलणं. कोल्हे दोन्ही काठांवरून येत, तेव्हा खातं परराष्ट्रच. राष्ट्रध्वजही होता, जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, काठीला बांधलेला. मी त्याला वंदन करायचो. कोल्हे करत नसत.

ती न्यायी होती असं मात्र समजू नका. पलीकडच्या एका माणसाची शेळी कुंपणातून आत आली, तर तिने ती आठवडाभर अडकवून ठेवली आणि दूध काढून प्यायली. एखादं फळ सडलं, की कोणीतरी बोट दाखवलं असलंच पाहिजे, आणि त्या आठवड्यात तिचा ज्याच्यावर राग असेल त्यानेच ते दाखवलेलं असायचं. मी शीळ वाजवली म्हणून एकदा मला हद्दपार केलं. मी काठावर बसून राहिलो. दिवस कलला तेव्हा तिने हाक मारली, "ओ कागदवाल्या, कोल्हे आले न! तिथी कायले बसून राह्यला?" माझी हद्दपारी अशी संपली.

आता मी अंगात येण्याविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस. बोटाने फळ सडतं हे मी किती दिवस ऐकून घेणार? कुंपणाजवळच्या एका वेलाला सुपारीएवढं फळ धरलं होतं. ते मी निवडलं. काकी पाठमोरी असली की मी रोज जाता-येता त्या फळाकडे नीट, सरळ, पूर्ण बोट दाखवायचो. 'बोटाचे भूत' हे पत्रकाचं नावही ठरलं होतं. फळ लिंबाएवढं झालं, मग पेरूएवढं झालं. मी वाट पाहत होतो.

तेवढ्यात चंद्री आली.

चैत्राची दुपार होती. मोगलाईच्या बाजूने एक मुलगी लुगडं वर धरून गुडघाभर पाण्यातून आली आणि फटीच्या बाहेर उभी राहिली. सतरा-अठरा वर्षांची असेल. पाय अनवाणी, त्यामुळे पहिला कायदा तिने आपोआप पाळला. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची ताजी खूण होती. काकीने ती पाहिली आणि काहीच विचारलं नाही. तिच्यासमोर टरबूज फोडून ठेवलं. मुलीने पांढऱ्या सालीपर्यंत खाल्लं.

"आता सांग. कोनत्या काठाची?"

मुलीने हनुवटी अलीकडे केली. "हे माहेर." मग पलीकडे केली. "ते सासर." आणि मग वाळूकडे पाहत म्हणाली, "याआंधी दोनदा पळून आली. बाबानं दोन्ही खेपा मले वापस नेऊन घातलं. यंदा मधातच थांबली, मोठीमाय."

"बरं केलं," काकी म्हणाली. "ते घागर घे. तिकडच्या वेलाले पानी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ आले. पलीकडून चंद्रीचा नवरा आणि त्याचा मोठा भाऊ. अलीकडून चंद्रीचा बाप आणि आमच्या बाजूच्या गावचा पाटील. चौघांनी जोडे बाहेर काढले. मी या प्रसंगाची जन्मभर वाट पाहत होतो. पुढे झालो आणि आश्रयाचं कलम तोंडपाठ म्हणू लागलो. मानवजातीपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात पाटील म्हणाला, "थांब बे पोट्ट्या, मोठ्याइले बोलू दे."

नवऱ्याचा भाऊ धिप्पाड गडी होता. चंद्रीचा जेठ. त्याचा हात वर गेला, बोट सुटलं आणि तो गरजला, "हे पोट्टी आमच्या घरची..."

"बोट!" काकी ओरडली.

आणि गंमत पाहा, ते बोट धरलं कोणी? पाटलाने. त्याने जेठाचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. "अरे बापा, कोवळी फळं हायेत न! भान हाय का नाही तुले?" जेठ स्वतःच इंगळी चावल्यासारखा दचकला. शेतकरीच तो. त्याने बोट दुमडलं आणि गाठ पुढे करून पुन्हा सुरुवात केली, "हे पोट्टी..." पण दुमडलेल्या बोटाने ओरडणारा माणूस दार वाजवतोय असा दिसतो. चंद्रीच्या नवऱ्याला हसू आलं. बापालाही आलं. जेठाने मग हनुवटीने दाखवून पाहिलं, कोपराने दाखवून पाहिलं. त्याचा राग खरा होता, पण तो कुठून बाहेर काढावा हे त्याला कळेना. मला त्याची फार कीव आली. हा आजार मी भोगलेला होता.

"बसा," काकी म्हणाली. "खा. मंग काय बोलाचं ते बोला."

ते बसले. हातात फोडी आल्या. जेठ म्हणाला, बाईमाणसाची जागा घरात असते. बाप म्हणाला, लोक काय म्हणतील. हे सगळं त्यांनी बिया थुंकत, खाली पाहत म्हटलं. मग चंद्री बोलली. घागर खाली न ठेवता बोलली.

"मी तिकडं जात नाही. अन् बाबा, तुमच्या घरीबी येत नाही. तुमी मले पुन्हा धाडसाल."

पाटलाने मिशा पुसल्या. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला घाई नव्हती. "कायले भांडता?" तो म्हणाला. "आखाड लागला का हे राज्य जाते पान्याखाली. मंग पोट्टी कुठी जाईन? ज्या काठाले लागंन, तो काठ तिले घेऊन जाईन. तवरक डांगरं खाऊ द्या तिले."

सगळ्यांना ते पटलं. उठले, काकीला रामराम केला, जोडे घातले आणि आपापल्या काठांना गेले. मी विजयाच्या घोषणा दिल्या. काकी मात्र नदीच्या वरच्या अंगाला पाहत उभी होती. पाणी जिकडून येतं तिकडे.

मी त्या उन्हाळ्यात फार काम केलं. त्यातलं काहीही उपयोगी नव्हतं. देश बुडाला तरी सरकार बुडत नाही, हे मी काकीला समजावून सांगितलं. परमुलखात राहून चालणाऱ्या सरकारांची माहिती दिली. तिने विचारलं, "त्या सरकारातली पोट्टी कुठी निजते?" हा मुद्दा माझ्या वाचनात आला नव्हता. मग मी मचाण बांधायला घेतलं. चार बांबू वाळूत रोवले, वर फळ्या बांधल्या, पाणी कितीही आलं तरी राष्ट्राचा एक तुकडा वर राहील अशी कल्पना होती. पहिला मीच चढलो. राष्ट्र डाव्या बाजूला कललं आणि मी टरबुजात पडलो. चंद्री पहिल्यांदा हसली ती तेव्हा. तोंडावर पदर धरून, वेलात बसून, बराच वेळ. परराष्ट्रखात्याचं तेवढं एक यश नोंदवून ठेवतो.

आणि काकी? काकी काही करत नव्हती. निदान मला तसं दिसत होतं. ऊन उतरलं की ती आणि चंद्री घागरी घेऊन वऱ्हाडच्या काठावर जायच्या. तिथे उंचवट्यावर तिची पावसाळ्यात राहायची एक झोपडी होती. तिकडे पाणी कशाला नेतात, असा प्रश्न मला पडला नाही. मोठे प्रश्न पडणाऱ्या माणसाला असे प्रश्न पडत नाहीत. म्हातारी खचली असं समजून मी 'नेतृत्वाची निष्क्रियता' या विषयावर दोन पानं लिहून ठेवली.

त्याच दिवसांत बाजारात पाटील भेटला. मी त्याच्याशी तत्त्वावर बोलणार होतो, तो भलतंच बोलला. "काकी या चंद्रीएवढी होती तवा तिचा मालक मेला. तिनंच खाल्ला म्हनत लोक. दोन्ही काठ बोट दाखवत हिच्याकडं. पानी भराले निघाली तरी दाखवत. दिरानं मळ्यातून काढलं, तवा वाळूत गेली." मग म्हणाला, "म्याबी दाखवलं असंन. लहान होतो."

आषाढात एका सकाळी पाणी आलं. गढूळ, काटक्या आणि पालापाचोळा घेऊन. ध्वजाची काठी थोडा वेळ थरथरली आणि गेली. तख्त तर आधीच दिसेनासं झालं होतं. काकी आणि चंद्री अलीकडच्या काठाला लागल्या. एकीच्या हातात बियांचं गाठोडं, दुसरीच्या हातात माझा डबा. काठावर बाप आणि पाटील उभे होते. जेठही होता. नदी चढणार हे ओळखून तो आदल्या दिवशीच अलीकडे येऊन राहिला होता. ज्या काठाला लागेल तो काठ घेऊन जाईल, असं ठरलंच होतं. मी मूठ मिटून, घसा साफ करून तयार होतो.

कोणी काही बोलायच्या आत काकी सरळ उंचवटा चढून झोपडीकडे गेली. चंद्री तिच्या मागे. आम्ही सगळे त्यांच्या मागे. आणि वर पोचून सगळेच थांबलो.

झोपडी दिसतच नव्हती. वैशाखात लावलेले, घागरी वाहून जगवलेले भोपळ्याचे आणि दोडक्याचे वेल भिंतींवरून छपरावर गेले होते, छपरावरून दारावर उतरले होते. जिकडे पाहावं तिकडे कोवळी फळं, टोकाला फूल अजून न गळलेली, बोटाएवढी, मुठीएवढी. दाराच्या चौकटीवर लोंबत होती. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. त्याला एक फट होती. त्या झोपडीकडे, दाराकडे, दारात उभ्या राहिलेल्या चंद्रीकडे कुठूनही बोट दाखवलं तरी ते कोवळ्या फळाकडेच जाणार होतं.

जेठाचा हात अर्धा उठला आणि परत खाली गेला. मी पाहिलं, तो हात त्याने दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"काकी," पाटील हळूच म्हणाला, "राज्य वर आनलं का व तुनं?"

"जोडे बाहेर," काकी म्हणाली. "भोपळा अजून तयार नाही. पिठलं टाकते. बसा."

आधी पाटलाने जोडे काढले. मग बापाने. जेठ फटीपाशी पुष्कळ वेळ उभा राहिला, मग पाणी ओसरेपर्यंत कोणाकडे राहायचं ते पाहायला निघून गेला. पुढे सासरकडूनच काडीमोड झाली. बाप मात्र त्या पावसाळ्यात दर बाजारच्या दिवशी येत राहिला. आधी भांडायला यायचा. बोट मिटून भांडता येत नाही, म्हणून नुसता बसायचा. काकी खाऊ घालायची. चंद्री समोर बसून दोडके चिरायची. भादव्यात एकदा तो आला, तेव्हा त्याच्या हातात एक लुगडं होतं आणि चंद्रीच्या आईने दिलेली जवसाची चटणी होती. ती दारात ठेवून तो लवकरच निघाला. फटीतून बाहेर पडल्यावर वळून म्हणाला, "जेवत जाय पोटभर." काकीने त्या दिवशी नवा दोडका चिरायला घेतला आणि आम्हा सगळ्यांना उगाच झापलं.

दिवाळीला वाळू निघाली. चंद्री काकीबरोबर बेटावर गेली आणि त्यानंतर दर वर्षी जात राहिली.

काकी मागच्या पावसाळ्यात वारली. राज्य तेव्हा पाण्याखाली होतं. शेवटचं भेटलो तेव्हा ती झोपडीत पडून होती, आवाज बसला होता, पण मी उंबऱ्यात उभा राहिलो तर आधी माझ्या पायांकडे पाहिलं. जोडे बाहेर होते. मग मला जवळ बोलावलं.

"कागदवाल्या, ते कुंपनाजवळचं फळ. ज्याले तू रोज बोट दाखवे."

माझ्या तोंडाला पाणी सुटावं तशी त्याची चव आठवली आणि मान खाली गेली. इतकी वर्षं मी समजत होतो की ती पाठमोरी होती.

"गोड निघालं होतं का?"

"हो, काकी."

"मले ठावं होतं," ती म्हणाली. डोळे मिटून थोडी हसली. "कोनाले सांगू नको."

'बोटाचे भूत' हे पत्रक मी कधी छापलं नाही. अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीचं त्यामुळे काय नुकसान झालं असेल ते असो. आता तर महायुद्धामुळे कागदच मिळत नाही, म्हणून मी फार तत्त्वनिष्ठ दिसतो.

या दिवाळीनंतर मी वाळूत गेलो. बेट यंदा लहान निघालं आहे आणि मोगलाईकडे बरंच सरकलं आहे. चंद्री कुंपणाचे काटे रचत होती. जाहीरनाम्यात बांधलेलं बी तिने उन्हात पसरलं होतं, दमट राहून कलमांची शाई बियांना लागली होती. एका चपट्या दगडावर बसून ती म्हणाली, "मांगच्या वर्षीचा दगड बरा होता." काकीचं तख्त पूर्वी कुठे असायचं ते दाखवायला मी हात वर केला, आणि एका ओल्या, वाळू लागलेल्या हाताने माझं बोट मिटलं.

"अजून बीसुद्धा टाकलं नाही," मी म्हणालो. "फळ कुठे आहे?"

"मंग काय झालं?" चंद्री म्हणाली. "खाल्लं का काही?"

आता तुम्हाला एक विनंती. काकीने कोणाला सांगू नको म्हटलेलं मी तुम्हाला सांगून बसलो आहे. पत्रकवाल्याच्या पोटात काही राहत नाही, याला माझा इलाज नाही. पण तुमच्या पोटात राहू शकतं. चैत्रात कधी पैनगंगेच्या बाजूला गेलात आणि वाळूत काट्यांचं कुंपण दिसलं, तर जमल्यास रॉकेलचा एक रिकामा डबा न्या. हल्ली मिळत नाहीत आणि कोल्हे पूर्वीसारखेच आहेत. जोडे बाहेर काढा, बोट मिटा, देतील ते खा. आत कोणी पोरगी नवी आलेली दिसली, तर ती कोणत्या काठाची ते विचारू नका. आणि बोट दाखवलेलं फळ गोड निघतं, हे दोन्ही काठांवर कोणाला म्हणजे कोणाला सांगू नका.